वेरुणीवरचा पाहुणा

पुस्तक छापून घरी आलं त्या दिवशी गंगाने पहिली प्रत हातात घेतली, तिला हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात गणपतीच्या उजव्या अंगाला ठेवून दिली. घोळ झाला तो तिथेच. देवापुढे ठेवलेली वस्तू उचलून कोणी वाचत बसत नाही. रोज सकाळी देवांबरोबर पुस्तकालाही एक जास्वंद मिळू लागली, आणि नवऱ्याने लिहिलेली कादंबरी साऱ्या वाडीने वाचून काढली तरी घरच्या बाईची वाचायची राहिली.

नवऱ्यानेही तिला 'वाच' म्हणून सांगितलं नाही. ती म्हणत होती, यांनी सांगितलं तर वाचीन. तो म्हणत असावा, तिला वाटलं तर वाचील. अर्धाअधिक संसार ज्यांनी पत्रांतून केला, त्यांची समोरासमोर बसल्यावर अशी पंचाईत होते.

महिपत शिवलकर बोटीवर होता. रत्नागिरीजवळ पावस गावाच्या अलीकडे, रस्त्याच्या खालच्या अंगाला त्यांची वाडी. तिथल्या दर दोन घरांमागे एक पुरुष बोटीवर, नाहीतर मुंबईला. महिपत इंजिनरूममध्ये मोटरमन. नऊ-दहा महिने पाण्यावर, मग दोन महिने घरी, आणि बोलावणं आलं की पुन्हा बॅग भरायची. दिसायला तो कादंबरीकार मुळीच नाही. जाड बोटं, हनुवटीवर भाजल्याचा डाग, आणि इंजिनाच्या आवाजाने एका कानाने जरा कमी ऐकू येतं. निवृत्त होऊन घरी आला, आणि एका पावसाळ्यात पडवीतल्या टेबलाशी जो लिहायला बसला तो दोन वर्षं उठला नाही. गंगाला वाटायचं, चला, करमतंय त्यांना. बोटीवरच्या आठवणी लिहीत असतील.

निघाली परग्रहावरची कादंबरी. नाव 'वेरुणी'. वेरुणी हा ग्रह, आणि निरंजन नावाचा एक यंत्रज्ञ अवकाशयानातून तिथे पुन्हा पुन्हा जाऊन येतो, एवढी गोष्ट गंगाला मुखपृष्ठावरून आणि लोकांच्या तोंडून कळली. रत्नागिरीच्या एका छापखान्यात महिपतने ती स्वखर्चाने छापून घेतली आणि गठ्ठे रिक्षात घालून घरी आणले.

मग अभिप्राय द्यायला माणसं घरी येऊ लागली. पुस्तक कसं वाटलं हे फोनवर सांगून भागत नाही, त्याला चहा लागतो, आणि चहा गंगा करणार. त्यामुळे न वाचलेल्या पुस्तकाविषयी तिच्याइतकं कोणी ऐकलं नसेल.

पहिला आला सखाराम. तो वाचनालयाचा कार्यवाह आणि देवळाचा विश्वस्त, म्हणजे पुस्तकं आणि देव दोन्ही त्याच्याच ताब्यात.

"महिपतभाऊ, पुस्तक झकास," बशीत चहा ओतत तो म्हणाला. "पन एक चूक मोठी झाली. नव्या जाग्यावर यान उतरवलंत नि राखणदार देवाला नारळ नाय? गाऱ्हाणा नाय? मंग यानाची मोटर जळनार नाय तर काय होनार?"

"अरे, त्या ग्रहावर नारळ कुठून आणायचा?"

"यानातून न्यायचा. तुमी बोटीवर न्यायचात ना?"

महिपत खरंच न्यायचा. दर वेळी बॅगेच्या तळाशी टॉवेलात गुंडाळून नारळ गंगाच ठेवायची. महिपत म्हणाला, "पुढच्या आवृत्तीत बघू." आणि गंमत अशी, की पुढे ज्याने ज्याने पुस्तक वाचलं त्या प्रत्येकाने नारळाचीच चूक काढली. जणू सगळ्यांनी आधी एकत्र बसून ठरवलं होतं.

काशीराम बागायतदाराला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की वेरुणीची जमीन कसली, कातळ की माती. महिपत म्हणाला, कातळच म्हणा. "मंग सुरुंग लावून खड्डे मारले तर कलमा लागतील," असं सांगून तो समाधानाने उठला. कादंबरीविषयी त्याचं बाकी काही म्हणणं नव्हतं.

आणि शेजारची जनी. जनी गंगाच्या बरोबरीची, तिचा नवराही जन्मभर बोटीवर होता आणि आता नव्हता. वाडीत कोणाच्या घरी काय शिजतं ते जनीला त्या घरच्या आधी कळतं. तिने पुस्तक सुनेकडून वाचून घेतलं आणि गंगाच्या मागच्या दारात येऊन बसली.

"काय गो ती मानसा! पावना दारात आला, की पयला काय इचारतात तर 'जानार कवा?' ह्येका काय रीत म्हनायची? आपल्याकडं असा कोन इचारील काय?"

"छे गो," गंगा म्हणाली.

आता ही जनी म्हणजे, मुंबईहून येणाऱ्या गाडीतून कोणी उतरला आणि त्याने बॅग खाली ठेवायच्या आत कुंपणावरून "कवा आलास? कवा जातलस?" असं विचारणारी वाडीतली पहिली बाई. पण हे तिच्याही लक्षात आलं नाही आणि गंगाच्याही नाही.

जनी थोडी पुढे सरकली. "वायच खरा सांगू? राग मानू नको. तुज्या घोवान एवढा मोठा पुस्तक लिवलान, नि त्यात एक बाईमानूस नाय घातलान. त्या निरंजनाक ना बायको, ना पोर. पानी इचारायला कोन नाय. सून म्हनाली, 'आत्ये, गंगाकाकी एवढी वर्सा वाट बघत रायली, नि काकांनी पुस्तकात तिचा नखसुदा नाय ठेवला.'"

"गोष्ट हाय ती, जने. गोष्टीत काय, काय पन असता," गंगा हसत म्हणाली. पण जनी गेल्यावर ती बराच वेळ रिकाम्या कपबशा तशाच हातात धरून उभी राहिली.

लग्न झालं तेव्हा ती वीस वर्षांची होती. तेव्हापासून सासऱ्यांचं आजारपण, दोन बाळंतपणं, घराची कौलं काढून स्लॅब टाकणं, शुभंकरची दहावी, शमिकाचं लग्न ठरवणं, हे सगळं तिने एकटीने केलं. लोक म्हणायचे, गंगा खंबीर. ती ऐकायची आणि आत जायची. खंबीर असण्याचं तिला कौतुक नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती कोणाला विचारता येण्यासारखी नव्हती. तिकडे पाण्यावर असताना या माणसाच्या मनात आपण असायचो का? पत्रात तो लिहायचा, 'इकडे सर्व ठीक. तुम्ही तब्येतीस जपणे.' तेवढ्यावर बाईमाणसाने किती वर्षं काढायची? आणि आता त्याने मनातलं सगळं कागदावर उतरवलं, तर त्यात ती नाही. मग नव्हतीच की काय कधी?

शमिकाचा चिपळूणहून फोन आला. "आई, बाबांनी काय भारी लिहिलंय गं! ती जांभळी माणसं तर डोळ्यांसमोर उभी राहतात. फक्त शेवट नाही कळला. आणि एकही बाई नाही हं सबंध पुस्तकात. मी बाबांना म्हटलं तसं."

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. हसले."

गंगाने फोन ठेवला आणि देव्हाऱ्यापुढे जाऊन त्या दिवसाची जास्वंद पुस्तकावरून काढून गणपतीला वाहिली. एवढाच काय तो तिने राग काढला.

शिमगा झाल्यावर सखारामने देवळाच्या सभामंडपात वाचकांची सभा ठेवली. परग्रहाच्या कादंबरीवर गावात सभा होणार म्हणून माणसं बरीच आली. पालखीच्या वेळचा माईक लावला होता. महिपतला शाल-श्रीफळ दिलं. पांढराशुभ्र सदरा घालून तो खुर्चीत अवघडून बसला होता. गंगा मागे, बायकांत, खांबाला टेकून.

लोक बोलले. एकाने यानाचा वेग विचारला. एकाने सांगितलं, की वेरुणीकर फार चांगली माणसं, पाहुण्याला उंच आसन देतात, आधी त्याला वाढतात, काडीचं काम करू देत नाहीत, पण निरंजनच करंटा, एवढं सुख असून कायम उदास. टाळ्या पडल्या. अर्थात नारळाचा विषय निघालाच, आणि सखारामने तो ठरावासारखा मांडला.

शेवटी दीपाली मॅडम उठल्या. पावसला शाळेत त्या विज्ञान शिकवतात. त्या म्हणाल्या, "काका, विज्ञान सोडा, ते तुम्ही नीट सांभाळलंय. मला एकच विचारायचंय. निरंजन इतकी वर्षं प्रवास करतो. पण त्याचं कोणीच कसं नाही? मागे वाट बघणारं कोणी नाही? पृथ्वीवर त्याचं एखादं तरी माणूस हवं होतं."

बायका वळून गंगाकडे बघू लागल्या. तिने मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिला वाटलं, आता तरी हे काहीतरी म्हणतील. निदान लोकांसाठी तरी.

महिपत उठून माईकशी आला. माईकपासून जरा लांबच तोंड धरून तो म्हणाला, "नाही हो मॅडम. पृथ्वीवर नाही त्याचं कोणी."

आणि खाली बसला.

पेढे वाटायच्या आत गंगा घरी निघाली. जनी मागून हाका मारत होती, तिने ऐकलं नाही. तिला संताप आला होता, आणि संतापाच्या खाली रडू होतं, ते तिला वाटेत कोणाला दाखवायचं नव्हतं. महिपत आला तेव्हा तिने त्याला पान वाढलं, सोलकढी वाटीत ओतली, आणि आत निघून गेली. त्याला बहुधा वाटलं, दमली असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो झोपल्यावर ती देव्हाऱ्याशी गेली. "देवा, वायच देतोस काय?" म्हणून तिने पुस्तक उचललं. कडांना हळदीचा पिवळा रंग चढला होता आणि पहिली काही पानं तीर्थाच्या पाण्याने चिकटली होती. पानं सोडवून ती मागल्या पडवीत बसली. तिला वाचायचा सराव राहिला नव्हता, एकेक ओळ बोट ठेवून वाचावी लागत होती. मनात एवढंच होतं, की आपण यात खरंच कुठे नाही, हे एकदा आपल्या डोळ्यांनी बघू आणि विषय संपवू.

पहिल्या दुपारी तिच्या हाती काहीच लागलं नाही. यान, यंत्रं, ताऱ्यांची नावं. निरंजन यानाच्या पोटात काम करतो, तिथे कायम धडधड. मग यान वेरुणीवर थांबा घेतं. वेरुणीकर उंच, वांग्याच्या रंगाचे, सहा बोटांचे. त्यांच्यात बाई-पुरुष असा भेदच नाही, म्हणून पुस्तकात सगळे 'तो' आणि 'ते'. यानाचं दार उघडलं की सगळे गोळा होऊन विचारतात, 'कधी जाणार?' त्यांच्या भाषेत तोच रामराम.

दुसऱ्या दुपारी ती जरा सावध झाली. वेरुणीवर रात्री उजेड धुक्यासारखा खाली उतरतो. ऊन चढायच्या आत तो गोळा करायचा, वाळवायचा, भरून ठेवायचा. पहाटेपासून प्रत्येकाला काम असतं, म्हाताऱ्यांना आणि पिल्लांनाही. फक्त निरंजनला नाही. त्याला एका उंच, गुळगुळीत पांढऱ्या दगडावर बसवतात. तो उठून टोपलीला हात लावायला गेला, की घर चालवणारा वेरुणीकर धावत येतो आणि टोपली काढून घेत म्हणतो, 'तुम्ही बसा.'

गंगाचं बोट त्या ओळीवर थांबलं.

तुम्ही बसा. हे कोणाचे शब्द? दिवसातून दहादा ती हेच म्हणत होती. काल सकाळीच तो बाजाराची पिशवी घेऊन निघाला होता, तेव्हाही.

ती भराभर पुढे वाचू लागली. हा घर चालवणारा वेरुणीकर फारसा बोलत नाही. निरंजनने काही दिलं तर घेण्याआधी दोन्ही हात कमरेशी दोनदा पुसतो, मग घेतो. निरंजन म्हणतो, त्याचे हात कोरडे असले तरी तो पुसायचा, आणि यानात काम करताना मला सर्वांत आधी ते पुसणं आठवायचं. गंगाने नकळत आपल्या हातांकडे बघितलं. नऊवारीचा पदर जाऊन पाचवारी आली, पाचवारी जाऊन गाऊन आला, पण हात पुसायची तिची सवय गेली नव्हती. ही सवय आपल्याला आहे हेदेखील तिला आज कळत होतं.

तिसऱ्या दुपारी ते पान आलं. निरंजन पिल्लासाठी दूरच्या ताऱ्यावरून चकचकीत पादत्राणं आणतो. पण तो नसताना पिल्लू वाढलेलं असतं, पादत्राणं पायात जात नाहीत. पिल्लू घर चालवणाऱ्याच्या मागे लपतं आणि हळूच विचारतं, 'हा कधी जाणार?' सगळे हसतात. निरंजन सगळ्यांत जोराने हसतो. मग तो यानात जातो, एक पंप, जो उत्तम चालू आहे, तो खोलतो आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा जोडत बसतो.

गंगाने पुस्तक मिटलं.

सिंगापूरहून आणलेले बूट. लाल. शुभंकरच्या पायात गेले नव्हते, ते तिने जनीच्या मुलाला दिले होते. आणि अडीच वर्षांचा शुभंकर तिच्या साडीत तोंड खुपसून म्हणाला होता, "आई, हे काका कधी जाणार?" घरात हशा पिकला. महिपत डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि मग मागे जाऊन विहिरीवरचा रहाट सुटा करून बसला. रहाटाला काही झालं नव्हतं. तिला तेव्हा किती बरं वाटलं होतं, की यांनी मनाला लावून घेतलं नाही. पुढे कित्येक वर्षं, बारशाला, लग्नाला, ती ही हकीकत लोकांना हसून हसून सांगत आली. तो समोर बसलेला असायचा. तोही हसायचा.

"अरे देवा," गंगा म्हणाली, आणि तिला हुंदका आला.

जनीने, सखारामने, दीपाली मॅडमनी, पोटच्या लेकीने, सगळ्यांनी वेरुणी वाचली. आकाशातला ग्रह म्हणून वाचली. पण तो ग्रह म्हणजे हे घर होतं. हीच पडवी, हेच मागचं दार. बोट हे त्याचं रोजचं जग होतं, आणि दोन महिन्यांसाठी तो उतरायचा ते इथे, जिथे कुठल्या डब्यात साखर आहे हे त्याला माहीत नसायचं आणि सगळे प्रेमाने विचारायचे, कधी जाणार. पृथ्वीवर त्याचं कोणी नव्हतं हे खरंच होतं. जे होते ते सगळे वेरुणीवर होते.

शेवटचं प्रकरण तिने एका दमात वाचलं. यान मोडीत निघतं. म्हाताऱ्या निरंजनला कायमचं वेरुणीवर उतरवतात. सवयीने सगळे विचारतात, 'कधी जाणार?' त्याच्याकडे उत्तर नसतं, तेही गप्प होतात. मग त्याला दगडावर नेऊन बसवतात. दगड फार चांगला आहे, असं निरंजन त्यांना सांगतो, आणि ते खूश होतात. पुस्तक संपतं.

शमिकाला न कळलेला शेवट हा.

गंगाला आधी रडू आलं आणि मग सपाटून राग आला. एवढी पानं लिहिलीत, सहा बोटांची माणसं जन्माला घातलीत, आणि मला काहीतरी काम सांग गं, एवढं एक वाक्य तोंडाने बोलायला काय झालं होतं? तिने खिडकीतून आत बघितलं. तो कुशीवर झोपला होता, एक हात उशीखाली, बोटीवरच्या अरुंद बिछान्यावर झोपायचा तसा, भिंतीला चिकटून. सबंध पलंग मोकळा होता. तिचा राग तिथेच विरला.

आणि काम का दिलं नाही, हे फक्त तिलाच माहीत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या रजेत तो रोज विहिरीचं पाणी शेंदायचा. ती नुसती कळशी घेऊन उभी राहायची. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली, दोराला हात घातला आणि तिथेच बसून रडली. सासू दोनदा बोलवायला आली. तेव्हा तिने मनाशी पक्कं केलं होतं, की या माणसाला घरातलं एकही काम द्यायचं नाही. काम दिलं, की तो गेल्यावर त्या कामाशी त्याची जागा रिकामी दिसते. दगडावर बसवलं तर निदान घर तरी चालतं. तो आता कायमचा परत आला, तरी तिच्या मनातली ती भीती काही परत गेली नव्हती.

पुस्तक तिने देव्हाऱ्यात ठेवलं नाही. कपाटात, आपल्या साड्यांच्या घडीत ठेवलं. महिपतला ती काहीच बोलली नाही. काय बोलणार? तुमचं पुस्तक वाचलं आणि कळलं, असं म्हणणंही तिला अभिप्रायासारखंच वाटलं.

मे लागला. जनीच्या परड्यातल्या झाडांचे रतांबे उतरवले आणि दरवर्षीप्रमाणे दोघींच्या वाट्याचे वेताचे मोठे हारे गंगाच्या अंगणात येऊन पडले. तांबडी, टपोरी फळं. ती फोडायची, साल वेगळी, गर आणि बी वेगळी, मग मीठ आणि रसात सालांना पुट देऊन देऊन वाळवायचं, तेव्हा आमसुलं होतात. सकाळी गंगाने गोणपाट अंथरलं, विळी मांडली, दोन टोपल्या ठेवल्या. महिपत पडवीत खुर्चीवर पेपर वाचत होता.

ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. त्याने पेपरातून मान न काढता दोन्ही पाय वर उचलले. तिला केर काढायचा असेल, असं त्याला वाटलं.

ते उचललेले पाय गंगाने बघितले. पण आवाज तिने चढाच ठेवला.

"पाय कसले उचलताय? उठा. रतांबे फोडायचेत."

"मी?"

"मग आणखी कोण? एवढे हारे मी एकटीने किती वर्षं फोडायचे? पेपर ठेवा तो."

महिपत उठला. पेपर कुठे ठेवावा ते त्याला सुचेना, म्हणून काखेत मारून तसाच अंगणात आला. तिने तो ओढून घेतला आणि त्याच्याखाली गोणपाटाचा तुकडा सरकवला. गुडघे कुरकुरत तो खाली बसला. तिने एक रतांबा फोडून दाखवला. त्याने दुसरा घेतला आणि इंजिनाचा नट पिळावा तसा असा काही दाबला, की रस उडून त्याचा पांढरा बनियन, हनुवटी आणि अर्धं गोणपाट तांबडं झालं.

"असं नव्हे हो! फाटली ना साल! आता तिची आमसुलं करू की चटणी? अख्खा जन्म इंजिनं उघडलीत आणि एक रतांबा उघडता येत नाही?"

आजवर ती त्याला कधी ओरडली नव्हती. रजेवर आलेल्या माणसाला कोण ओरडतं? महिपतने मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग त्याने हाऱ्यातला आणखी एक रतांबा उचलला. या वेळी हळू, अंगठ्याने. साल दोन वाट्यांसारखी नीट उघडली. त्याने ती तिच्यापुढे धरली. तिने हात न पुसताच, तसेच बरबटलेल्या बोटांनी ती घेतली.

"हं," ती म्हणाली. "असं."

ऊन पडवीच्या कडेला आलं तेव्हा जनी कुंपणाच्या खिंडीतून आत आली आणि थबकली. "अगो बाय माझे! भावोजींना कशाला बसवलंस गो हितं? ते आता पुस्तकवाले!"

"पुस्तक लिहून झालं त्यांचं," गंगा म्हणाली. "तू टेक. ती दुसरी टोपली घे."

जनी टेकली, पण तिच्या मनात निरोप होता, तो सांगितल्याशिवाय तिला राहवेना. "भावोजी, सखारामभाऊंनी सांगितलानी हाय. लोका इचारतात, त्या निरंजनाचा पुढं काय झाला? दगडावरच बसला काय तो? दुसरा भाग लिवा म्हनतात. येत्या पावसाळ्यात बसा लिवायला."

महिपतचे दोन्ही हात मनगटापर्यंत तांबडे झाले होते. नाकाला खाज सुटली होती, ती त्याने खांद्यावर घासून भागवली. समोरचा हारा अजून अर्धासुद्धा संपला नव्हता.

"सखारामला सांग," मान खालीच ठेवून तो म्हणाला, "आता वेळ कुठाय?"

गंगाने त्याच्यापुढची टोपली आपल्याकडे ओढली आणि आतली सालं चाळून पाहिली. "बोलत बसू नका," ती म्हणाली. "यात बी राहिली आहे."

आणि टोपली तिने पुन्हा त्याच्यापुढे सारली.